मैदानाकडे पाठ करून बसणारे शेठ

सामना संपायला थोडा वेळ उरला की शेठ आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलायचे, उलटी फिरवायचे आणि मैदानाकडे पाठ करून बसायचे. तोंड प्रेक्षकांकडे, हात मांडीवर, डोळे मिटलेले, गळ्यात शिट्टी. आजूबाजूची माणसं हसायची. कुणीतरी म्हणायचंच, "शेठ, खेळ तिकडं हाय." डोळे न उघडता शेठ उत्तर द्यायचे, "माझं काम झालं. आता त्यांचं चालू हाय."

आमच्या भागात या खुर्चीची ख्याती झाली होती. लोकांना वाटायचं, यात काहीतरी मोठं ज्ञान आहे. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटत होतं. खरं कारण मला एकट्याला कळलं, आणि ते कळल्यावर माझ्या मनात शेठ लहान झाले नाहीत, उलट जवळचे झाले. पण त्याआधी मला स्वतःबद्दल काही सांगावं लागेल, आणि ते सांगताना मान वर ठेवणं मला अजून जमत नाही.

शेठचं कापडाचं दुकान बेल्ह्याच्या पेठेत. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, शेठ मात्र इथेच जन्मले, इथल्याच शाळेत शिकले. त्यांच्या घरात पूजा मारवाडीत व्हायची आणि भांडण मराठीत. अंगानं जाड, गुडघे लहानपणापासून कच्चे. शाळेत असताना कबड्डीच्या मैदानावर त्यांना उतरू दिलं नाही, म्हणून ते गुण लिहायला बसले. "सगळी पोरं दमून बसायची," ते सांगायचे, "आणि मी एकटाच बघत ऱ्हायचो. अंगानं सारखीच असलेली दोन पोरं, पण एक चढाईला गेला की मोठा दिसतो आणि दुसरा लहान. हे काय हाय? हा प्रश्न मला आठवीत पडला. उत्तर मिळायला टक्कल पडलं."

उत्तर त्यांना पुण्यात फुटपाथवर मिळालं. मालाच्या खरेदीला गेले असताना जुन्या पुस्तकांच्या ढिगात खेळाडूंच्या मनावर लिहिलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती लागलं. शब्दकोश शेजारी ठेवून ते त्यांनी दुकानाच्या गादीवर बसून वाचलं. कळलेलं सगळं ते कापडाच्या भाषेत करून घ्यायचे, कारण दुसरी भाषा त्यांना विश्वासाची वाटत नव्हती. मग त्यांनी गावातल्या मुलींचा कबड्डीचा संघ उभा केला. मुलांचा का नाही, असं विचारलं की म्हणायचे, "पोरांना वाटतं त्यांना सगळं येतं. पोरी ऐकतात आणि मग भांडतात. मला भांडणारं गिऱ्हाईक आवडतं."

डाव शिकवायला शाळेतले एक सर होते. पायाची झेप, साखळी, पकड हे सगळं सरांचं. शेठ त्यात कधी पडले नाहीत. "मानेच्या खालचं सरांचं, वरचं माझं," अशी त्यांनी वाटणी करून टाकली होती. नम्रपणा हा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता. देशाच्या संघानं आपल्याला अजून का बोलावलं नाही, याचं त्यांना मनापासून नवल वाटायचं.

दुकानातही गळ्यात शिट्टी असायची. एखादं गिऱ्हाईक भावावर फार घासाघीस करायला लागलं की शेठ शिट्टी वाजवायचे. "चढाईला तीस सेकंद असतात, मावशी. तुमची संपली. घ्यायचं का परत जायचं?" नवीन बाया घाबरायच्या. जुन्या बाया म्हणायच्या, "वाजव बाबा वाजव, मी बोनस घेऊनच जाणार," आणि एक ब्लाउजपीस फुकट उचलायच्या.

सराव दुपारी उन्हं कलली की सुरू व्हायचा आणि सूर्य डोंगराआड जायच्या आधी संपायचा. शेठ जैन, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नसत. त्यामुळे गुण बरोबरीत असोत की चढाई अर्ध्यात असो, जेवणाची वेळ झाली की शिट्टी. मुली ओरडायच्या, "शेठ, एवढी एकच चढाई." शेठ चालू लागलेले असायचे. "माझ्या पोटाला तुमचा गुणफलक दिसत नाय."

माझी मुलगी ऋतुजा त्या संघात होती. ऋतू. आठवीपासून. चढाईची मुलगी. पाय लांब आणि नजर तेज. मी दूध संकलन केंद्रावर काम करतो, थोडी शेती आहे, कांदा-बटाटा निघतो. मी स्वतः तरुणपणी कबड्डी खेळलो, पण गावाबाहेर माझं नाव कधी गेलं नाही. हे वाक्य साधं दिसतं, पण पुढचं सगळं याच्यातून निघालं.

शेठचे धडे ऋतू घरी येऊन सांगायची. एकदा म्हणाली, "पप्पा, शेठ म्हणतात, आपल्या डोक्यात एक नोकर बसलेला असतो. दिवसभर बडबडतो. 'तू पडशील, तुला धरतील, सगळे हसतील.' त्याला पगार आपणच देतो. मग त्याला कामाचं बोलायला लावायचं." मी विचारलं, कामाचं म्हणजे काय? तर म्हणाली, "'पडू नको' असं नाय म्हणायचं. 'पाय मागं' असं म्हणायचं. कारण गिऱ्हाइकाला 'तो लाल ताका बघू नका' म्हटलं की ते लालच मागतं." ताका म्हणजे कापडाची गुंडाळी. मी हसलो आणि विसरलो. ऐकायची माणसं दुसरी आहेत, असं मला वाटत होतं.

दुसरा धडा गादीवरचा. दुपारी दुकान सुनं असताना शेठ सगळ्या मुलींना पांढऱ्या गादीवर बसवायचे, डोळे मिटायला लावायचे, आणि अख्खी चढाई मनातल्या मनात करायला सांगायचे. मध्यरेषेपासून निघायचं, पायाखालची माती लागली पाहिजे, समोरच्या मुलीच्या घामाचा वास आला पाहिजे, आणि परत येईपर्यंत दम सुटता कामा नये. घाई करायची नाही, जेवढा वेळ खरी चढाई लागते तेवढाच. पंख्याखाली मऊ गादी, त्यात दुपारचं जेवण झालेलं. निम्म्या मुली झोपायच्या. एक तर झोपेत "कबड्डी, कबड्डी" पुटपुटत होती. शेठनं सगळ्यांना गप्प बसवलं आणि ती गप्प होईपर्यंत वाट बघितली. "उठवू नका," ते कुजबुजले, "चढाईवर गेली हाय. परत येऊ द्या."

बाजाराच्या दिवशी ते मुलींना बेल्ह्याच्या बैलबाजारात घेऊन जायचे. तिथे व्यापारी आणि शेतकरी हातावर उपरणं टाकतात आणि त्याच्या आत बोटांनी भाव ठरवतात. बाहेरच्याला काही कळत नाही. शेठ मुलींना म्हणायचे, "हात नका बघू. तोंड बघा. आत बोटं काय बी बोलली, तोंडावर काय दिसतं का? धरलं गेलं की तुमी तोंड पाडता. समोरच्या संघाला तिथंच भाव कळतो." एका दलालानं विचारलं, "शेठ, पोरींना धंद्याला लावता का?" शेठ म्हणाले, "तू तोंड असंच ठेव. त्यांचा अभ्यास चाललाय."

आता डिंगोऱ्याची गोष्ट.

डिंगोऱ्याला यात्रेनिमित्त मुलींचे सामने होते. ऋतू तेव्हा दहावीत. उपांत्य सामना, गुण बरोबरीत, शेवटची चढाई आमची. ऋतू निघाली. एका मुलीला शिवून ती वळली. आता फक्त मध्यरेषेपर्यंत यायचं होतं. मी रेषेच्या अगदी जवळ उभा होतो. सामना सुरू झाल्यापासून मी ओरडत होतो, नेहमीसारखाच. डावीकडून एक मुलगी तिच्यावर झेपावताना मला दिसली आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "ऋतू, मागं बघ."

तिनं मागं बघितलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात तिच्या तोंडातला शब्द थांबला, दम गेला आणि घोट्यावर पकड बसली. ती मातीत पडली तेव्हाही तिची नजर माझ्यावरच होती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. मोटारसायकलवर ती मागे बसली होती, आणि मी घर येईपर्यंत बोलत होतो. कुठं चुकलं, उजवा पाय कसा टाकायला हवा होता, मी तिच्या वयाचा असतो तर काय केलं असतं. मागून एक शब्द आला नाही. मला वाटलं ऐकतेय. घरी आल्यावर तिनं नीकॅप आणि बूट पिशवीत भरून गोठ्याच्या माळ्यावर टाकले. आईला म्हणाली, "मी आता खेळणार नाय." मला काहीच म्हणाली नाही. नंतरचे कितीतरी दिवस काहीच म्हणाली नाही. वाढलेलं ताट माझ्यापुढे ठेवायची आणि जायची.

मी शेठकडं गेलो. वाटलं होतं, ते तिला समजावतील. शेठनं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं. दिवाळीची गर्दी हाय. तिला घड्या घालायला पाठवा. कबड्डीचं नाव मी काढणार नाय."

ऋतू दुकानात जाऊ लागली. कापडाच्या दुकानात एक शिस्त असते. गिऱ्हाइकासमोर ताके उलगडत जायचे. घेतलं तर ठीक, न घेता गेलं तरी ठीक, पण पुढचं गिऱ्हाईक गादीवर बसायच्या आत उलगडलेलं सगळं घडी होऊन जागेवर गेलं पाहिजे. एका बाईनं सगळं दुकान उलगडायला लावलं आणि "पुन्हा येते" म्हणून निघून गेली. ऋतू वैतागून त्या ढिगाकडं बघत बसली होती. पुढचं गिऱ्हाईक दारात आलेलं.

शेठ म्हणाले, "बाई गेली का?"

"गेली."

"ढीग?"

"हाय की हितंच."

"मंग तू कुणाला कापड दाखवतीस? गेलेल्या बाईला का आलेल्या? घडी घाल. चांगली घाल, रागानं नको, रागानं घातली की चुण्या पडतात. घडी घाल, ठेव, आणि मान वर कर."

ऋतूनं घड्या घातल्या. शेवटची घडी कपाटात ठेवून तिनं मान वर केली. मग म्हणाली, "शेठ, डिंगोऱ्याचा ताका अजून उलगडलेलाच हाय."

हे मला शेठनं सांगितलं. आणि लगेच ते स्वतःचं कौतुक करू लागले. "पुस्तकात ह्याला लई लांब नाव हाय. चुकीतनं बाहेर यायची रीत. त्या गोऱ्या माणसाला दहा पानं लागली. मी एका बाईच्या ढिगात काम केलं."

त्या दिवाळीनंतर ऋतू परत मैदानावर आली. पकडली गेली, बाद झाली की बाहेर जाताना ती दोन्ही हात छातीपुढे आणून हवेतल्या हवेत एक घडी घालायची, बाजूला ठेवायची आणि मान वर करायची. हळूहळू सगळा संघच तसं करू लागला. दुसऱ्या गावचे लोक म्हणायचे, "बेल्ह्याच्या पोरी आऊट झाल्या की साड्या आवरत्यात." शेठना ते फार आवडायचं.

पण एक गोष्ट घडीत बसत नव्हती. मी मैदानाच्या कडेला उभा असलो की ऋतूचे पाय जड व्हायचे. मी तोंड बंद ठेवायचं ठरवून जायचो आणि पहिल्याच चढाईला ओरडायचो. माझ्या हातात नव्हतं, असं मी बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "हातात कशाला पायजे, तोंड हाय ना?"

एका दिवशी सूर्य मावळायच्या आधीच दूध केंद्रावरून परत येत होतो. शाळेच्या मैदानावरून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता. बाळू माइकचा आवाज. बाळू हा आमच्याकडचा बैलगाडा शर्यतीत बोलणारा माणूस. गाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीवर, सुटला की तो माइकवरून असा काही "भिर्रर्र" म्हणतो की खाली उभ्या माणसाच्या अंगावर काटा येतो. मुलींना गोंगाटाची सवय व्हावी म्हणून शेठनं त्याला सरावाला बोलावायला सुरुवात केली होती. मुली चढाईला निघाल्या की बाळू त्यांची नावं घेऊन टिंगल करायचा, आणि मुलींनी त्यातून खेळायचं.

मी मोटारसायकल भिंतीशी लावली. आणि ऐकलं.

"ऋतू, पाय काढ, पाय काढ. अगं बोनस घे. काय करतीस? मागं बघ, मागं. आमच्या टायमाला असं नव्हतं. दूध काय उगाच पाजलं का तुला?"

प्रत्येक शब्द माझा होता. चढउतारही माझा. "आमच्या टायमाला" म्हणताना मी नाकातून श्वास ओढतो, हे मला त्या दिवशी लाऊडस्पीकरवरून कळलं. अख्ख्या गावाला ऐकू जात होतं. मुली हसत होत्या. ऋतू मात्र चढाईवर होती. ओठ हलत होते, "कबड्डी, कबड्डी," पण "मागं बघ" आलं की तिची मान किंचित, अगदी किंचित, आवाजाकडे झुकायची.

शेठनं मला पाहिलं. "बाळू, थांब," ते म्हणाले. "मूळ गायक आले."

हशा पिकला. माझं तोंड तापलं. मी म्हणालो, "शेठ, चारचौघांत बापाची चेष्टा करायची हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"चेष्टा नाय, भाऊ. गावाचा गलका हिनं घालवला. पंचाची शिट्टी घालवली. बाळूचा घाटातला आवाज बैलांना पळवतो, तोही घालवला. तुमचाच जात नाय."

"मी तिच्या भल्यासाठी वरडतो."

"म्हणून तर जात नाय. शिवी असती तर तिनं कवाच घडी घालून ठेवली असती."

मी गाडी काढली आणि निघून गेलो. त्या दिवसापासून शेठच्या दुकानावरून जाताना मी मान वळवायचो. लोक मला रस्त्यात "पाय काढ, पाय काढ" म्हणायचे. माझ्या मनात शेठबद्दल जे जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण रात्री पडल्यावर तो लाऊडस्पीकर पुन्हा सुरू व्हायचा. मोटारसायकलवर तिच्या पाठीमागं, नाही, तिला पाठीमागं बसवून, मी जे बोललो होतो ते सगळं त्या आवाजात ऐकू यायचं. आणि मला पहिल्यांदा कळलं की मागं बसलेलीला ते कसं ऐकू आलं असेल.

मग एकदा जेवताना ऋतू आपणहून बोलली. भाकरीचा तुकडा मोडत, ताटाकडं बघत. "पप्पा, बाळूकाकांना तुमचं 'पाय काढ' नीट जमत नाय."

मी तांब्यातून पाणी ओतून घेतलं. तीच पुढं म्हणाली,

"त्यांचं खोटं वाटतं. खोट्याची सवय होऊन उपयोग नाय. तुमीच या उद्या."

बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि आमटी वाढायच्या निमित्तानं उठून गेली. मला वाटतं ती चुलीशी जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो. शेठनं काहीच झालं नसल्यासारखं माझ्या हातात माइक दिला. "वरडा. मनापासून. कमी पडू नका." मी ओरडलो. आधी लाजत, मग खराखुरा. ऋतू पकडली गेली. पुन्हा ओरडलो, पुन्हा पकडली गेली. कितीतरी सराव असे गेले. माझा घसा बसला, शेठनं घरून काढा पाठवला आणि निरोप दिला, "आवाज जपा, संघाची मालमत्ता हाय." आणि मग एका दुपारी ती निघाली, मी "मागं बघ" म्हणून ओरडलो, आणि तिची मान हलली नाही. ती शिवून, वळून, सरळ मध्यरेषेवर आली. तिनं मला ऐकलंच नव्हतं.

बापाला आपली मुलगी आपल्याला ऐकत नाही याचं वाईट वाटायला हवं. मी माइक खाली ठेवला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच मातीत बसलो.

अवसरी बुद्रुकला अंतिम सामना झाला तो त्याच हंगामात. सूर्य मावळला होता, मैदानावर दिवे लागले होते. शेठ उपाशी होते. सामना लांबणार हे दिसत असूनही ते जेवायला गेले नाहीत. त्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं. "आज तुमी हितं. रेषेवर नाय." मी बसलो. तळहात मांड्यांखाली दाबून ठेवले.

ऋतू एकदा बाद झाली, हवेत घडी घालून बाहेर बसली, पुन्हा आत आली. शेवटी आम्ही दोन गुणांनी मागे आणि अखेरची चढाई तिची. शेठनं खुर्ची फिरवली. मैदानाकडे पाठ, डोळे मिटलेले. लोक हसले, कुणी फोटो काढला.

तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी धरलं. शेठचा हात होता. नखं रुतत होती.

"शेठ, बरं नाय का?"

"उपाशी हाय म्हणून आधार घेतलाय," ते ओठ न हलवता म्हणाले. मग हळूच, "नाय हो. मला बघवत नाय. कधीच बघवत नाय. काय चाललंय? सांगा की राव."

सगळ्या पोरींच्या डोक्यातल्या नोकरांना कामाला लावणारा हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यातला नोकर त्याला दरवेळी खुर्ची फिरवायला लावत होता. पुस्तकातली सगळी औषधं त्यांनी दुसऱ्यांना वाटली होती, त्यांना स्वतःला एकही लागू पडलं नव्हतं.

"सांगा ना. हळू सांगा. वरडलात तर माझा जीव जाईल."

मग मी सांगायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कबड्डी हळू आवाजात बघितली. "निघाली. रेषेला हात लावला. श्वास भरून घेतला. आत गेली. डावीकडं सरकतेय. समोरची साखळी पुढं येतेय. थांबली. थांबली तिथंच. पाय टाकला. शिवली, शेठ, कोपऱ्यातलीला शिवली. वळली. मागून एक येतेय."

"बघते का इकडं?"

"नाय. समोरच बघतेय."

"दम?"

"ओठ हलतायत. झेप घेतली. हात पोचला. रेषेवर हात पोचला."

शेठनं माझं मनगट सोडलं. खुर्ची फिरवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मैदानात दुसऱ्या गावच्या मुली नाचत होत्या. शेठनं विचारलं, "किती झाले?"

"एक गुण. एकानं हरलो."

"ते फळ्यावर असतंच," शेठ म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "ती परत आली का नाय, एवढंच फळ्यावर नसतं."

ऋतू आमच्याकडं आली. मातीनं भरलेली. छातीपुढे हात आणून तिनं घडी घातली, बाजूला ठेवली, आणि मग माझ्याकडं बघून विचारलं, "पप्पा, आज वरडला न्हाईत?"

"वरडलो असतो तर ऐकू आलं असतं का?"

"नाय," ती म्हणाली आणि हसली. येताना मोटारसायकलवर मी एक अक्षर बोललो नाही. मंचर मागं पडल्यावर मागून तीच बोलायला लागली आणि घर येईपर्यंत थांबली नाही.

शेठचं गुपित मी कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर त्यांची खुर्ची फिरली की माझी खुर्ची शेजारी असायची, आणि लोकांना वाटायचं दोघांना ज्ञान झालंय. पुढे ऋतू शिकायला पुण्याला गेली, तिथे कॉलेजच्या संघात आली. शेठचे गुडघे अगदीच गेले. दुकान पुतण्याकडं देऊन ते पुण्याला मुलाकडं राहायला गेले. ऋतूचे सामने आता मोबाइलवर दिसतात. सामना असला की बायकोच्या मोबाइलवर शेठचा फोन यायचा. "पोराचा मोबाइल लावलाय. उशीखाली पालथा ठेवलाय. सांगा." आणि मी माझ्या मोबाइलवर बघून त्यांना हळू आवाजात सांगायचो. चित्र त्यांच्या उशीखाली, आवाज माझा. कधी ऋतू बाद झाली की तिकडून चादरीची सळसळ. मला माहीत होतं, ते घडी घालत आहेत.

मागच्या पावसाळ्यात शेठ गेले. ऋतू त्यांच्या घरी जाऊन आली. सांगत होती की त्यांचं ते पुस्तक मुलानं तिला दिलं, आणि घरातली माणसं तिला भेटून रडण्याऐवजी शिट्टीच्या गोष्टी सांगून हसत होती.

परवा तिचा सामना होता. मी ओसरीवर मोबाइल लावून बसलो. फोन वाजणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. तिनं रेषेला हात लावला, श्वास भरून घेतला, आत गेली. थोड्या वेळानं आतून बायकोचा आवाज आला.

"कुणाशी बोलताय?"

तेव्हा कळलं की मी बोलत होतो. "शेठला सांगतोय," मी म्हणालो.

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, "मंग जरा मोठ्यानं सांगा की. मलाबी ऐकायचंय."